ही कोणाची आई?

सातवीत असताना मला ‘माझी आई’ या निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. मराठीच्या बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. त्या नऊ गुणांची मला आजही लाज वाटते. आणि मराठीतल्या एका फार मोठ्या पुस्तकाविषयी माझ्या मनात अढी बसली, तीही त्याच दिवशी.

साल होते १९७५. आम्ही अंबरनाथला चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील कारखान्यात, आणि आई घरबसल्या काज-बटणाचे काम करायची. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून शर्टांचे गठ्ठे आणायचे, काजे करायची, बटणे लावायची आणि दोन दिवसांनी परत नेऊन द्यायचे. पैसे डझनावर मिळत. कामाची घाई असली की आई रात्री बारा वाजेपर्यंत दिव्याखाली बसलेली असे, आणि मध्ये कुणी बोललेले तिला खपत नसे. पाठीत धपाटा घालायलाही ती मागेपुढे पाहत नसे.

शाळेत त्या वर्षी अवांतर वाचनाला ‘श्यामची आई’ होते. दर शनिवारी एक प्रकरण वाचायचे आणि वहीत ‘या कथेतून मिळणारा बोध’ लिहायचा. बोध आधी फळ्यावर यायचा, आम्ही तो उतरवून घ्यायचो. मग निबंधाचा विषय आला. मी काय केले असेल? पहाटे उठून सडा घालणारी, तुळशीला पाणी घालून ओव्या म्हणणारी, कधी आवाज न चढवणारी एक आई मी वहीत उभी केली. आमच्या दारात तुळस नव्हती. सडा घालायला अंगणही नव्हते.

घरी आलो आणि मोठ्या ऐटीत निबंध वाचून दाखवला. आई काजे करत होती. तिने सुई न थांबवता शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “चांगलं लिहिलंयस रे. पण ही कोणाची आई?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरेच विचारत होती. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी वही दप्तरात घातली आणि श्यामच्या आईला मनातल्या मनात हद्दपार केले.

गंमत अशी, की पुस्तकांचे वेड मला लावले ते आईनेच. गठ्ठा पोहोचवायला ती मला बरोबर न्यायची. हिशेब होईपर्यंत मी जवळच्या रद्दीच्या दुकानात बसायचो. दुकानदार सिंधी काका होते, फाळणीनंतर सगळे मागे टाकून आलेले. कल्याणच्या त्या ओसाड लष्करी छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले तेव्हापासून ते तिथे होते. मराठी त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे सगळी मराठी पुस्तके त्यांच्याकडे वजनावर! नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आणि गेल्या वर्षीचे रेल्वेचे वेळापत्रक एकाच भावात. आई हिशेबातून उरलेली नाणी माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, “जाड बघून घे.”

तिथे मला ताम्हनकरांचा गोट्या भेटला. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार भेटला. तो मी लपवून वाचायचो आणि नंतर कळले, की माझ्या मागून आईही वाचायची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा काटकुळा बनेश आमच्यासारखाच होता. त्याच्या कुठल्याही गोष्टीखाली बोध नव्हता. वर्गातल्या चार-पाच जणांत ते पुस्तक फिरून परत आले तेव्हा त्याला पुठ्ठा उरला नव्हता.

आणि ‘चांदोबा’! मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाने महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना वाचायला शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. त्यातल्या विक्रम-वेताळाची गोष्ट मी कधी चुकवली नाही. आज विचार करताना वाटते, की वेताळ तरी दुसरे काय करत होता? गोष्ट संपली की तोही प्रश्नच विचारायचा, आणि तोही धाक घालून: उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर डोक्याची शंभर शकले होतील! आमची परीक्षा त्यापुढे काहीच नव्हती. तरी वेताळाचा प्रश्न आम्हाला हवाहवासा वाटे आणि पाठाखालचा स्वाध्याय नकोसा. असे का?

मला सुचलेले उत्तर असे. वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर गोष्टीत लिहिलेले नसायचे. खरा दोषी कोण, मोठा त्याग कोणाचा, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे. विक्रमाचे उत्तर मला कितीदा पटत नसे आणि शाळेत जाताना वाटेभर त्यावरून भांडण होई. पाठाखालच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दुसऱ्या परिच्छेदातल्या तिसऱ्या ओळीत तयार बसलेले असते. ते शोधून काढून उतरवायचे, एवढेच आपले काम.

एक उदाहरण देतो. मोरोपंतांची ‘केकावली’ मला शाळेत अजिबात आवडली नाही. वृत्त पृथ्वी, गण पाडा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या. मी गण बिनचूक पाडले, गुणही मिळवले. ‘केका’ म्हणजे मोराचे ओरडणे, हे मला चाळिशीत कळले. पंत स्वतःला मयूर म्हणवत. आपल्याच नावावर कोटी करून अठराव्या शतकातला हा पंडित कवी देवाला मोरासारखा टाहो फोडून हाक मारत होता. एवढे जर कुणी आधी सांगितले असते! पावसाळ्याच्या तोंडावर रानात मोर ओरडतो तेव्हा काळजात काय होते, हे अंबरनाथ-बदलापूरकडच्या त्या काळच्या पोरांना सांगायला नको होते.

यात दोष शिक्षकांचा, असे मी म्हणणार नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग आणि डोक्यावर परीक्षा, त्यात ते तरी काय करणार? उलट एक आठवण सांगितलीच पाहिजे. जुलैतला धुवाधार पाऊस, गाड्या बंद, निम्मा वर्ग गैरहजर. शिकवलेले पुन्हा शिकवावे लागेल म्हणून त्याच बाईंनी पुस्तक मिटले आणि कपाटातून चिं. वि. जोशींचे चिमणराव काढले. त्यातला एक पाठ आम्हाला आधी होऊन गेला होता. ‘विनोद कसा निर्माण झाला आहे ते लिहा’ या प्रश्नासकट. तेव्हा वर्गात कुणी हसले नव्हते. त्या दिवशी बाईंनी तोच पाठ नुसता वाचला. त्या स्वतः हसू आवरत वाचत होत्या आणि आम्ही बाकांवर लोळत होतो. पुस्तक तेच आणि बाईही त्याच. फक्त नंतर कुणी काही विचारणार नव्हते.

म्हणून ‘नको ते जुने, मुलांना आवडेल तेच द्या’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्याच्या घरी पुस्तकाचे कपाट नाही, त्याला मोरोपंत आणि साने गुरुजी शाळेतच भेटणार. १८६४ सालापासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आमच्यापासून तीन स्टेशने दूर होते, पण तिकिटाचे पैसे कोण देणार? आता बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’सारखे दुर्मीळ मराठी पुस्तकांचे भांडार याच मार्गावर आहे, तरी तिथे मुलाचे बोट धरून नेणारे कुणीतरी लागतेच. थोर पुस्तके शाळेत असलीच पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच, की ती आवडलीच पाहिजेत ही सक्ती नको. ‘हा पाठ तुम्हाला का आवडला?’ असा प्रश्न आपण मुलांना बेधडक विचारतो. आवडला का, हे कुणी विचारलेलेच नसते!

हे सगळे आज आठवायचे कारण माझी नात. ती इथे बदलापुरात इंग्रजी शाळेत सातवीत आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झाले. पण कायदा पुस्तक वर्गापर्यंत आणू शकतो, मुलाच्या उशाखाली नाही नेऊ शकत. तिला प्रकल्प मिळाला, ‘श्यामची आई : पुस्तक परिचय’. दोन पाने वाचून ती म्हणाली, “आजोबा, बोअर आहे. यातून काय शिकायचं ते तुम्हीच सांगा ना, मी लिहून टाकते.”

आणि वाचकहो, मी सांगायला लागलोही होतो! मातृप्रेम, संस्कार, त्याग... तिसऱ्या शब्दाला जीभ अडखळली. कोपऱ्यात आई बसली होती. आता ब्याऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांनी वाचता येत नाही, पण कान तिखट आहेत.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी ते पुस्तक उघडले आणि मोठ्याने वाचू लागलो. जवळजवळ पन्नास वर्षांनी. तेव्हा लक्षात आले, की हे पुस्तक मुळात पाठ म्हणून लिहिलेलेच नाही. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे लिहून काढले. रात्री ऐकायची गोष्ट आम्ही शनिवारी सकाळी फळ्यावरून उतरवून घेत होतो.

पोहायला शिकण्याची गोष्ट आली. विहिरीला भिऊन श्याम दडून बसतो आणि आई शिंपटीचे फटके देत त्याला बाहेर काढते. मी वाचता वाचता थांबलो. ही आई माझ्या निबंधात कशी नव्हती? वर्गात मी ही गोष्ट वाचली नव्हती का? वाचली असणारच. पण बोध उतरवण्याच्या नादात शिंपटी दिसलीच नाही. फटके देणारी आई माझ्याही घरी होती. तिच्याविषयी लिहायचे धाडस तेवढे मला झाले नाही.

आई हसली. “बरं केलं तिनं,” म्हणाली. नात मात्र उठून बसली. “पण पणजी, भीती वाटत असताना मारायचं का?” यावर त्या दोघींचे जे जुंपले, ते मला थांबवता येईना. मी थांबवलेही नाही. फार दिवसांनी घरात वेताळाचा प्रश्न आला होता.

माझी शाळांना एक साधी विनंती आहे. आठवड्यातून एक तास शिक्षकांनी वर्गाला नुसते वाचून दाखवावे. त्यावर प्रश्न नको, बोध नको, गुण तर नकोच. आणि परीक्षेत कधीतरी ‘न आवडलेला पाठ आणि त्याची कारणे’ असाही प्रश्न यावा. कारणे नीट दिली असतील तर पुरे गुण द्यावेत. पालकांनी रात्री पंधरा मिनिटे दूरदर्शन संच बंद ठेवला, फोन बाजूला ठेवले, तर हे घरीही होईल.

आमच्या सतरा रात्री झाल्या आहेत. काही रात्री आईला झोप लागते, मग दुसऱ्या दिवशी मागचे पुन्हा वाचावे लागते. सगळेच नातीला आवडते असे नाही; मध्येच फास्टर फेणे हवा म्हणून हट्ट धरते. तिने प्रकल्प लिहून दिला. त्यात तिने लिहिले आहे, की ही आई मला काही ठिकाणी आवडली आणि काही ठिकाणी आवडली नाही. का आवडली नाही, याची दोन कारणे दिली आहेत. मी एक शब्दही बदलू दिला नाही.

गुण किती मिळतात, ते अजून कळायचे आहे.