कृपया हात लावा

विज्ञान प्रदर्शन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम एक पाटी उभी राहते : 'हात लावू नये.' शाळेत असताना आम्हांला दरवर्षी रांगेने प्रदर्शनाला नेत. थर्मोकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की आणि त्यामागे उभा राहून पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणणारा एखादा हुशार मुलगा. आम्ही हात मागे बांधून पुढे सरकायचे. घरी गेल्यावर आई विचारी, "काय बघितलंस गं?" मला उत्तर देता येत नसे. लक्षात राहिलेली असे ती फक्त पाटी.

पुढे मी कला शाखेत आले आणि ती पाटी कायमचीच माझ्या नशिबी आली, असे मला वाटले. विज्ञान प्रदर्शनात कला शाखेच्या मुलींनी काय करायचे? दारात रांगोळी काढायची आणि पाहुण्यांना गुलाबपुष्प द्यायचे! या समजुतीविरुद्ध मला आज लिहायचे आहे.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी विज्ञान शाखेचे सहा आणि कला शाखेचे सहा अशा बाराजणांना सरांनी एकत्र बसवले. विषय दिला 'महापूर' आणि मुदत दिली पाच दिवसांची. अट एकच : पहिल्या दिवशी कोणी काही बनवायचे नाही, फक्त प्रश्न गोळा करायचे.

प्रश्नांना तोटा नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. मी तेव्हा सातवीत होते. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरात रात्री पाणी शिरले आणि आम्ही शाळेच्या माडीवर जाऊन बसलो. त्या अंधारात मोठी माणसे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होती, "धरणाचं पाणी आधीच का सोडलं नाही?" उत्तर देणारे कोणी नव्हते. पहिल्या दिवशी मी वहीत तोच प्रश्न लिहिला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापले चित्र काढले, तिसऱ्या दिवशी त्यांतले एक निवडले आणि चौथ्या दिवशी ते उभे केले. पत्र्याचा उतरता ट्रे, नदीकाठची माती, वर पाऊस पाडायला भोके पाडलेला डबा. एका बाजूला कोयना धरण व त्याला वरखाली होणारे दार, दुसऱ्या बाजूने येणारी कृष्णा, मध्ये कऱ्हाडचा प्रीतिसंगम आणि खाली मातीची सांगली. पाटण भागात पडलेला पाऊस सांगलीच्या दारात कसा येतो, ते डोळ्यांना दिसावे एवढाच हेतू. दाराची दोरी मात्र बघणाऱ्याच्या हातात. पाऊस किती पडणार ते त्याला ठाऊक नसते. दार लवकर उघडले आणि पाऊस थांबला तर उन्हाळ्यात वीज व शेतीला पाणी उरत नाही. उशीर केला तर सांगली बुडते.

पाचव्या दिवशी आम्ही ते बाहेरच्या माणसांना दाखवले आणि आमचा पुरता पाडाव झाला. एक तर कोणी दोरीला हातच लावीना! शिपाईमामा, बाजाराला आलेले शेतकरी, सगळे हात मागे बांधून उभे. त्यांच्याही मनात तीच पाटी होती. दुसरे म्हणजे आमचा तक्ता. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, विसर्ग अमुक हजार क्युसेक, असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. कँटीनच्या मावशींनी ते वाचायला लावले, ऐकले आणि म्हणाल्या, "पोरींनो, म्हंजी घागरी किती?"

आम्ही बाराजण गप्प झालो. मग हिशेब मांडला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. चौदा लिटरची घागर धरली तर सेकंदाला दोन घागरी. पन्नास हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख घागरी! आणि एक लाख क्युसेकने पाणी सोडले, तरी एक टीएमसी बाहेर पडायला पावणेतीन तास लागतात. दहा टीएमसीला दिवसाहून अधिक. धरण म्हणजे कळ दाबताच रिकामी होणारी टाकी नव्हे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. वर्तमानपत्रात हे आकडे मी इतकी वर्षे वाचत होते, पण समजले ते मावशींच्या प्रश्नाने. जुना तक्ता फाडून आम्ही घागरींचा तक्ता लावला आणि ट्रेवर पाटी लिहिली, 'कृपया हात लावा.'

ही कल्पना आमची नव्हे. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' काढले ते याच विचाराने. मुंबईत वरळीला १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र उघडले, तेथेही बटणे दाबून, चाके फिरवून पाहता येते. पण मुंबई लांब आहे. आपल्याला जवळचे उदाहरण साताऱ्याचे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडून सांगतात. त्यासाठी त्यांना इमारत लागत नाही, गावातला पार पुरतो.

काहीजण म्हणतील, याने विज्ञानाचा खेळ होतो. वस्तू मोडतात. शिवाय तुमचा पत्र्याचा ट्रे म्हणजे खरी नदी नव्हे. हे सारे खरे आहे. आमची दोरी दोनदा तुटली. नदीतला गाळ, काठावरची बांधकामे, अलमट्टीचा वाद यांपैकी काहीही ट्रेमध्ये मावले नाही. पण प्रदर्शनाने सगळी उत्तरे द्यावीत, असे कोठे आहे? प्रश्न नेमका विचारता यावा, एवढे त्याने केले तरी पुष्कळ.

प्रदर्शनाच्या दिवशी माझे वडील आले. महाविद्यालयाच्या आत पाऊल टाकण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी दोरी धरली, दार उघडायला उशीर केला आणि सांगली बुडवली. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत एकदा करू दे." दुसऱ्या खेपेला त्यांनी लवकर पाणी सोडले आणि धरण अर्धे राहिले. जाताना म्हणाले, "पण वर पाऊस किती पडतोय हे ह्यांना कोण सांगतं? अन् आम्हांला कधी सांगतात?" २०१९ च्या रात्री शाळेच्या माडीवर विचारला गेला त्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी धारदार आहे. त्याचे उत्तर अधिकाऱ्यांना द्यावेच लागेल.

म्हणून माझे म्हणणे असे की, असा ट्रे एका दिवसाच्या प्रदर्शनानंतर अडगळीत जाऊ नये. मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या महाविद्यालयांनी मिळून तो कृष्णाकाठच्या गावांत न्यावा. तो बनवताना भूगोलाची, मराठीची, इतिहासाची मुले विज्ञानाच्या मुलांबरोबर पहिल्या दिवसापासून बसलेली असावीत. आणि पाचव्या दिवशी एखाद्या मावशींना बोलवायला विसरू नये. रांगोळी आम्ही काढूच. पण आधी दोरीला हात लावू द्या.