टेनेसीची थकबाकी

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने २८ मार्च २०२४ रोजी नॅशव्हिल येथील टेनेसी स्टेट विद्यापीठाचे संपूर्ण विश्वस्त मंडळ बरखास्त करणारे विधेयक मंजूर केले आणि गव्हर्नर बिल ली यांनी त्याच दिवशी त्यावर स्वाक्षरी केली. विद्यापीठाचा आर्थिक कारभार ढासळला आहे, हे कारण पुढे करण्यात आले. ते निराधार नव्हते. मात्र जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना व कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी याच गव्हर्नरांना पत्र पाठवून, १९८७ ते २०२० या काळात राज्याने या विद्यापीठाला सुमारे २१० कोटी डॉलर कमी दिल्याचा हिशेब कळवला होता. अशी पत्रे सोळा राज्यांना गेली. त्यांतील एकूण तूट १२०० कोटी डॉलरहून अधिक, आणि टेनेसीच्या नावावरील रक्कम सर्वांत मोठी. ऋणकोने धनकोच्याच दारी जप्ती आणावी, तसा हा प्रकार झाला.

या देण्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. लिंकन यांच्या कारकीर्दीत १८६२ साली झालेल्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून कृषी व यंत्रविद्येची महाविद्यालये उभारावयाची होती. टेनेसीत हा लाभ नॉक्सव्हिलच्या विद्यापीठाला मिळाला आणि ते गोऱ्यांसाठीच होते. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांनी एका शाळेत शिकू नये, हे राज्याच्या १८७०च्या घटनेतच लिहिलेले होते. पुढे १८९०च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले : प्रवेशात वर्णभेद करू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी निराळे महाविद्यालय काढून निधीची न्याय्य वाटणी करा. दक्षिणेने दुसरा पर्याय निवडला आणि त्यातील ‘न्याय्य वाटणी’ तेवढी कागदावर ठेवली. टेनेसीला आपले सरकारी कृष्णवर्णीय विद्यालय सुरू करण्यास १९१२ उजाडले. जून महिन्यात २४७ विद्यार्थ्यांसह सुरू झालेली ही संस्था प्रारंभी शिक्षक, शेतकरी व कारागीर घडविण्यापुरतीच मर्यादित होती.

राज्याने हात आखडता घेतला तरी या विद्यापीठाने काय उभे केले, हे पाहिल्याविना थकबाकीचा अर्थ ध्यानात येत नाही. महिला धावपटूंचा ‘टायगरबेल्स’ हा संघ हे त्याचे ठळक उदाहरण. प्रशिक्षक एड टेंपल यांच्या हाताखालून चाळीस धावपटू ऑलिम्पिकला गेल्या आणि त्यांनी तेरा सुवर्णांसह तेवीस पदके आणली. विल्मा रुडॉल्फ हिची १९६०च्या रोम ऑलिम्पिकमधील तीन सुवर्णपदके सर्वश्रुत आहेत. शंभर मीटरचे सुवर्ण १९६४ व १९६८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये जिंकणारी पहिली व्यक्ती म्हणजे वायोमिया टायस, तीही इथलीच. या मुलींना खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती नव्हती. विद्यापीठात रोज काही तास काम करून त्या फी भागवीत, आणि स्पर्धेसाठी प्रशिक्षक स्वतः मोटार हाकत त्यांना गावोगाव नेत. वर्णभेदाच्या त्या काळात वाटेतल्या उपाहारगृहात त्यांना बसून जेवताही येत नसे.

१९६१ साली या विद्यापीठाचे विद्यार्थी ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणून आंतरराज्य बसगाड्यांतून दक्षिणेत गेले, तेव्हा त्यांपैकी चौदा जणांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. संस्थेचा कारभार त्या वेळी राज्य शिक्षण मंडळाच्या हाती होता. या चौदा जणांना मानद डॉक्टरेट मिळाली ती २००८ साली. गेल्या काही वर्षांतील आनंदाची गोष्ट म्हणजे येथील ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट ऑफ बॅण्ड्स’ या वाद्यपथकाला २०२३ साली मिळालेले ग्रॅमी. एखाद्या महाविद्यालयाच्या संचलन-पथकाला हा सन्मान प्रथमच लाभला. शरद ऋतूतील ‘होमकमिंग’ला माजी विद्यार्थ्यांच्या पिढ्या जमतात, त्या फुटबॉलइतक्याच या पथकासाठी.

विद्यापीठाचा परिसर नॉर्थ नॅशव्हिलमध्ये जेफरसन स्ट्रीटलगत आहे. जवळच फिस्क हे खासगी विद्यापीठ असून, ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले ते विचारवंत ड्यू बॉइस तिथेच शिकले. कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी व संगीताने गजबजलेली ही वस्ती साठच्या दशकाच्या अखेरीस आंतरराज्य महामार्गाने मधोमध चिरली.

त्याच सुमारास राज्याने आणखी एक घाट घातला. नॉक्सव्हिलच्या विद्यापीठाची नॅशव्हिलमध्ये शाखा विस्तारण्याची योजना निघाली. शहरात सरकारी विद्यापीठ असताना दुसरे कशासाठी, याचे उत्तर उघड होते : गोऱ्या विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय विद्यापीठात जावे लागू नये. याविरुद्ध रिटा सँडर्स या तरुण अध्यापिकेने १९६८ मध्ये दावा लावला. अखेर न्यायालयाच्या आदेशाने १ जुलै १९७९ रोजी ती शाखा टेनेसी स्टेटमध्ये विलीन झाली. गोऱ्यांची संस्था न्यायालयाने कृष्णवर्णीय संस्थेत विलीन करविण्याची ही पहिलीच वेळ. शहराच्या मध्यभागातील त्या इमारतीला आज दाव्याचे वकील अ‍ॅव्हन विल्यम्स यांचे नाव आहे. खटला मात्र २००६ पर्यंत रेंगाळला. मधल्या १९८४च्या तडजोडीत टेनेसी स्टेटमधील निम्मे विद्यार्थी गोरे असावेत, असे उद्दिष्ट घालून देण्यात आले. वर्णभेदाचे ओझे वाहिलेल्या संस्थेलाच तो निवारण्याची सर्वांत कठोर अट लागली, हा विरोधाभास त्या वेळीही अनेकांना खटकला होता.

खरा अन्याय न्यायालयात नव्हे, तर अर्थसंकल्पाच्या रकान्यांत चालू होता. केंद्र सरकार अशा विद्यापीठांना संशोधन व कृषिविस्तारासाठी जो निधी देते, त्याला राज्याने आपल्याकडून जोड द्यावयाची असते. नियमांतच फट अशी, की १८९०च्या विद्यापीठांच्या बाबतीत राज्याला निम्म्यापर्यंत सूट मागता येते. १८६२च्या विद्यापीठांना तशी तरतूद नाही. आमदार हॅरॉल्ड लव्ह यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०२१ मध्ये आलेल्या हिशेबानुसार, १९५७ ते २००७ या पन्नास वर्षांत राज्याने टेनेसी स्टेटला ही जोड दिलीच नव्हती. बुडालेली रक्कम १५ कोटी ते ५४ कोटी ४० लाख डॉलर एवढी निघाली. लव्ह यांचे वडीलही आमदार होते आणि हाच प्रश्न त्यांनी १९७०च्या सुमारास उकरून काढला होता. बापाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाला मिळायला अर्धे शतक गेले! त्यातून २०२२ मध्ये राज्याने इमारती व मूलभूत सुविधांसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले.

मग विद्यापीठाचे चुकले कुठे? महालेखापालांच्या २०२३च्या अहवालाने शिष्यवृत्तीच्या कारभारावर बोट ठेवले. शिष्यवृत्तीचा खर्च अल्पावधीत चौपटीहून अधिक वाढविण्यात आला. २०२२च्या शरदात साडेतीन हजारांहून अधिक नवे विद्यार्थी आले आणि वसतिगृहे अपुरी पडल्याने अनेकांची सोय हॉटेलांत करावी लागली. पैशाची तजवीज नसताना असे आश्वासन देणे हा बेजबाबदारपणाच. त्याची झळ बसली ती घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलांना. येथे वर्णाचा प्रश्न पुढे करून व्यवस्थापनाला पाठीशी घालणे योग्य ठरणार नाही. तथापि वसतिगृहे अपुरी का होती, हे विचारल्यास वाट पुन्हा त्या पन्नास वर्षांपाशीच जाते. गंगाजळी साठविण्याची संधी मिळालेल्या विद्यापीठाला एखादे वर्ष चुकले तरी तग धरता येते. इथे तेवढ्याने पगार अडण्याची वेळ आली.

विद्यापीठाला स्वतःचे विश्वस्त मंडळ मिळाले होते तेच मुळी २०१६च्या कायद्याने. आठ वर्षांतच ते गेले. नवे सदस्यही याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते, हे गव्हर्नरांच्या बाजूने नमूद करायला हवे. पण मंडळ बदलल्याने तिजोरी भरली नाही. २०२४च्या अखेरीस शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली, विद्यार्थिसंख्या घसरली. अखेर २०२५च्या जूनमध्ये दैनंदिन खर्चासाठी तीन वर्षांत ९ कोटी ६० लाख डॉलर वापरण्यास राज्याने अनुमती दिली. ही रक्कम नवी नव्हे. इमारतींसाठी मंजूर झालेल्या त्याच २५ कोटींतून ती वळविण्यात आली आहे. म्हणजे जुन्या देण्यापोटी आलेला पैसा पगार व वीजबिलांत जाणार, आणि ज्या वर्गखोल्या व वसतिगृहांसाठी तो होता ती कामे तेवढ्या प्रमाणात मागे पडणार. केंद्राच्या पत्रातील २१० कोटींचा या व्यवहारात कुठेही उल्लेख नाही.