पत्ता नसलेला संगणक

लाखनीच्या दवाखान्यातला संगणक नागपुरात बसून दुरुस्त करायचा, तर अडते पत्त्यावर. आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. आतून हाक बाहेर जाते, बाहेरची आत पोचत नाही.

तोडगा सोपा: आतल्या संगणकानेच मधल्या सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवायची, तंत्रज्ञ तिथून आत येतो. रिमोटची तयार अ‍ॅप बहुधा असेच करतात. पण तो सर्व्हर परक्याचा आणि पडद्यावर रुग्णांचे अहवाल. पासवर्ड फुटला की दार सताड उघडे. त्यापेक्षा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड बसवलेले बरे. आयपीव्ही६ मिळत असेल तर तेही मागून घ्यावे. तिथे पत्त्यांची टंचाईच नाही, फायरवॉल मात्र नीट लावावी लागते.