कोफी म्हणजे शुक्रवारचा : वर्गात आफ्रिका शिकवताना



‘आफ्रिका म्हटलं की काय आठवतं?’ हा प्रश्न एकदा मुलांना विचारून बघा. सिंह, जंगल, वाळवंट आणि उपाशी मुलं, हीच उत्तरं येतील. माझ्या तिसरी-चौथीच्या जोडवर्गातही हीच आली होती. खरं सांगायचं तर ती मुलांना मीच शिकवली होती.

गेल्या उन्हाळी सुट्टीत घाना देशात जायचा योग आला. माझे दीर तिथे तेमा बंदरात नोकरीला आहेत. त्या मुक्कामात चार दिवस आम्ही एल्मिना या समुद्रकाठच्या छोट्या गावात राहिलो.

सकाळी बेन्या खाडीवरच्या पुलावर उभं राहिलं की खाली रंगवलेल्या, झेंडे लावलेल्या लाकडी होड्यांची गर्दी दिसते. पुरुष मासळी आणतात. ती घेणं, धुरावर सुकवणं आणि बाजारात विकणं हे काम बायकांचं. त्यांचा आवाज ऐकून आपल्या कोळणी आठवल्या. मंगळवारी मात्र होड्या समुद्रात जात नाहीत. तो समुद्रदेवाचा वार, त्यामुळे सगळे जाळी विणत बसलेले. जुलैच्या पहिल्या मंगळवारी ‘बाकाटुए’ सण करून खाडीतली मासेमारी पुन्हा सुरू करतात. म्हणजे आपली नारळी पौर्णिमाच की!

जेवायला केंके मिळालं. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, केळीसारख्या सुक्या पानांत बांधून शिजवलेला. सोबत तळलेली मासळी आणि मिरचीची झणझणीत चटणी. बाजारात मी गडबडीत डाव्या हाताने पैसे पुढे केले, तर मावशींनी घेतलेच नाहीत. उजवा हात पुढे केल्यावर हसल्या. माझी आजी अगदी असंच करायची.

रस्त्यात लहान मुलं ‘ओब्रोनी, ओब्रोनी’ म्हणत मागे यायची. म्हणजे परके, गोरे लोक! लग्न ठरताना रंगावरून बोलणी खाल्लेली मी तिथे गोरी ठरले. हसू आलं, पण लोक आपल्याकडे टक लावून बघतात तेव्हा कसं वाटतं हेही कळलं.

गावात पोर्तुगीजांनी 1482 साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. पुढे 28 वर्षांनी त्यांनी गोवा घेतलं. 1637 मध्ये हा किल्ला डचांकडे गेला. इथल्या अंधाऱ्या कोठड्यांत माणसं कोंडून, गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात. आत गेल्यावर बोलवत नाही. बाहेर आलं की पुन्हा तोच बाजार, तीच घासाघीस. हे दोन्ही मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं. एकच सांगितलं तर चित्र अर्धं राहतं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका नावाने. आमच्या मुक्कामाच्या जागी काम करणारा मुलगा म्हणाला, “मी कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. तुमचा वार कोणता?” मला माहीतच नव्हता! मोबाईलवर बघितलं, तर रविवार. “मग तुम्ही एसी,” तो म्हणाला.

माझी शाळा आदिवासी पाड्यावर आहे. सोम्या, बुधी, शुक्र्या अशी वारांवरची नावं आमच्या हजेरीपटावर असतात. गावातली मुलं त्यांना हसतात. मागच्या वर्षी एक वडील नाव बदलायला आले होते. “लोक हसतात बाई, पोरगं शाळेत यायला नको म्हणतं.” मी लगेच म्हणाले, “हो, एखादं चांगलं नाव ठेवा.” एल्मिनाला मला हे वाक्य आठवलं आणि लाज वाटली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी वर्गात कोफी अन्नान यांच्याबद्दल सांगितलं. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव, शुक्रवारचे म्हणून कोफी. घाना स्वतंत्र करणारे क्वामे एन्क्रुमा, शनिवारचे म्हणून क्वामे. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, कोफी म्हणजे माझंच नाव ना?” त्या दिवशी त्याला कोणी हसलं नाही.

नाव बदलायचं की नाही, हे त्याच्या आईवडिलांनी ठरवावं. पण ‘चांगलं नाव ठेवा’ म्हणणारी मी चुकले होते.

म्हणून सांगावंसं वाटतं. आफ्रिकेत 54 देश आहेत, एका देशाचं नाव घेऊन शिकवा. सुरुवात तिथल्या जेवणाने, बाजाराने, नावांनी करा. गरिबीचा फोटो सगळ्यात आधी दाखवू नका. आणि पालकहो, सावळ्या मुलाला गंमत म्हणूनसुद्धा ‘आफ्रिकन’ म्हणू नका. तो शब्द शिवीसारखा वापरायला मुलं आपल्याकडूनच शिकतात.

उद्या हजेरी घेताना प्रत्येकाला जन्मवार विचारून बघा. धडा तिथूनच सुरू होईल.