स्वग्रामाची हळहळ
दोन वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने स्वग्रामी जावयाचे आणि परतल्यावर ‘गाव पूर्वीचे राहिले नाही’ म्हणून उसासे टाकावयाचे, हा आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांचा शिरस्ता शुद्ध ढोंगाचा आहे. माझी बार्शीच घ्या. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची गाडी गेली म्हणून दिल्लीत मीही हळहळलो. ब्रॉडगेजमुळे बार्शीकर आज थेट मुंबईस जातो, याचे कौतुक आमच्या तोंडी नाही. वडिलार्जित वाड्याच्या विक्रीखतावर सही करताना माझा हात अडखळला नव्हता! यंदा त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीस मी नावे ठेवताच धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “दादा, तुम्हाला जुनं गाव पाहिजे, पण त्यात राहायचं कुणी?” मी तिकिटे जपून खिशात ठेवली. ती देयकास जोडावयाची होती.