पेपर स्क्रीनवर आले आणि निकाल अडकले: मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या गोंधळातून काय शिकायचं?

नवीन सिस्टीम फसली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लोकांनाच बदल नको असतो." मी स्वतः सॉफ्टवेअर बनवतो आणि आमच्या क्षेत्रात तर हे वाक्य फारच लाडकं आहे. पण ते कितपत खरं आहे? यासाठी फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या मुंबई विद्यापीठाचं २०१७ चं उदाहरण बघू.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या पेपरांची तपासणी ऑनलाइन करायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, सर्व्हरवर टाकायच्या आणि प्राध्यापकांनी लॉगिन करून स्क्रीनवर तपासायच्या. कल्पना चांगलीच होती. बेरीज कॉम्प्युटर करणार, कोणी किती पेपर तपासले हे दिसणार आणि गठ्ठ्यांची ने-आण वाचणार.

प्रश्न आकड्यांचा होता. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. स्कॅनिंगचं कंत्राट दिलं गेलं तेव्हा परीक्षा सुरूही झाल्या होत्या. कायद्याने निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा. तो लागला नाही. राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. गिरगावच्या विल्सनपासून परळच्या एम. डी. कॉलेजपर्यंत सगळीकडची मुलं ताटकळत राहिली. पुढच्या प्रवेशासाठी मार्कशीट लागते, आणि तीच हातात नव्हती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

मग प्राध्यापकांनी विरोध केला म्हणून हे झालं का? तक्रारी होत्याच. पण त्या नीट वाचा: प्रशिक्षण अपुरं, सर्व्हर संथ, पानं नीट स्कॅन न झालेली. माझ्या भाषेत याला 'विरोध' नाही, 'बग रिपोर्ट' म्हणतात. आणि तो फुकटात मिळत होता!

अर्थात, सगळाच विरोध इतका साधा नसतो. नवीन सिस्टीम आली की सत्ता हलते. काल जो माणूस गठ्ठे वाटायचा, त्याचं काम आज सॉफ्टवेअर करतं. कोणाचं काम मोजलं जाणार आणि कोणाचं महत्त्व घटणार, हे ऑफिसात सगळ्यांना कळतं, पण मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही. म्हणून खरी भीती आणि खरी अडचण वेगळी करायला वेळ द्यावा लागतो. एका शाखेवर आधी प्रयोग करायचा, जुनी पद्धत काही काळ शेजारी चालू ठेवायची आणि मगच पुढे जायचं. इथे नेमका तोच वेळ नव्हता.

उद्या तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजात नवीन ॲप आलं, तर तीन प्रश्न नक्की विचारा. आधी छोट्या प्रमाणावर चालवून बघितलंय का? बंद पडलं तर पर्याय काय? आणि जे रोज वापरणार, त्यांना कोणी विचारलंय का? असं विचारणारा माणूस बदलाच्या विरोधात नसतो. चुकीची किंमत शेवटी कोण मोजतं, हे त्याला माहीत असतं. २०१७ मध्ये ती विद्यार्थ्यांनी मोजली.