धूर सोडायचा कोणत्या उंचीवर?

वणव्यातून धूर किती निघाला याचा हिशेब मांडताना मॉडेलकार कसर ठेवत नाहीत. जळालेले क्षेत्र, हेक्टरी जळण, जळणातला ओलावा, सगळे तपासले जाते. मग तो धूर नेमक्या कोणत्या उंचीवर सोडायचा हा प्रश्न येतो आणि तिथे अनेकदा इनपुट फाइलमधला जुनाच पर्याय राहून जातो. जमिनीलगतच्या हवेच्या थरात, म्हणजे सीमास्तरात, अडकलेला धूर शेजारच्या गावाच्या छातीत जातो. वर निसटलेला वाऱ्याबरोबर परक्या देशात पोहोचतो. उत्सर्जनाचा आकडा दोन्हीकडे तोच.

त्या जुन्या पर्यायाचे मूळ बरेचदा गॅरी ब्रिग्ज यांच्या समीकरणांत असते. ती मुळात कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या चिमण्यांसाठी. चिमणीला तोंड एकच, उष्णताही मापात. वणव्याला ना तोंड ना बूड: आघाडी काही किलोमीटर पसरलेली, तिच्यावर दोन-चार वेगवेगळे लोट आणि मागे रात्रभर जमिनीलगत धुमसणारे ओंडके.

ब्राझीलच्या साउलो फ्रेइतास यांनी २००७ मध्ये मांडलेले एकमितीय मॉडेल या वास्तवाच्या बरेच जवळ जाते. लोट जितका अरुंद तितकी बाहेरची थंड हवा त्यात जास्त मिसळते आणि तो लवकर दमतो. वर बाष्पाचे पाणी झाले की सुटणारी उष्णता त्याला पुन्हा उचलते. अमेरिकेच्या एचआरआरआर-स्मोक अंदाजात हीच पद्धत आहे. मिखाईल सोफिएव यांचे २०१२ चे सूत्र आणखी सुटसुटीत: सीमास्तराची जाडी, त्यावरच्या हवेचे स्थैर्य आणि उपग्रहाने मोजलेली आगीची प्रारणशक्ती. शक्तीचा घातांक ०.३५, म्हणजे आग दहापट झाली तरी त्या पदाची उंची सव्वादोनपटच. मात्र आग सर्वाधिक भडकलेली असते तेव्हाच दाट धूर आणि ढग उपग्रहाची नजर अडवतात.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला, मुख्यतः ब्रिटिश कोलंबियात, १२ ऑगस्ट २०१७ रोजी वणव्यांवर पाच गडगडाटी ढग उभे राहिले आणि धूर थेट स्थितांबरात गेला. गोष्ट तिथे थांबली नाही. काजळीने ऊन शोषले, भोवतालची हवा तापली आणि सुमारे १२ किलोमीटरवरचा धूर दोन महिन्यांत २३ किलोमीटरपर्यंत चढला. आगीपासून सुटल्यानंतरची ही चढण सोडण्याच्या उंचीच्या कुठल्याच सूत्रात नाही.

पडताळणीतही खोच आहे. लोटांच्या उंचीची मोठी नोंद टेरा उपग्रहावरच्या एमआयएसआर या नऊ कॅमेऱ्यांच्या उपकरणाची, आणि टेराची फेरी प्रदीर्घ काळ स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमाराची. वणवे उफाळतात दुपारी. सकाळच्या नोंदींशी जुळलेले मॉडेल दुपारीही बरोबर असेल असे मानणे म्हणजे नाश्त्यावरून जेवणाचा अंदाज बांधणे. धुराचा अंदाज देणाऱ्यांनी एका उंचीऐवजी उभे वाटप द्यावे, धगधगत्या आणि धुमसत्या धुराची वाटणी वेगळी दाखवावी. एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत दिल्लीच्या हवेचा अंदाज तयार होतो, तिथे दुखणे उलटे आहे. पंजाब-हरियाणातल्या भाताच्या खुंटांची आग लहान, धूर सीमास्तरातच. पण नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो स्तर झपाट्याने आकसतो. म्हणून दुपारी चारला पेटवलेल्या शेताचा धूर मॉडेल चारला सोडते की आग टिपणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाच्या दुपारी दीडच्या फेरीला, हे आधी पाहायला हवे.